रडार अल्टिमीटर आणि मराठवाड्याचा नकाशा: जीपीएसशिवाय विमानाची जागा शोधण्याचा प्रयोग, पायरी पायरीने

बीडहून अंबाजोगाईला नेहमी जाणारा माणूस एसटीत डोळे मिटून बसला असला, तरी मांजरसुंब्याचा घाट लागला की त्याला कळतं. गाडी चढते, वळते, गिअर बदलतो, आणि आपण नेमके कुठे आहोत हे तो सांगू शकतो. तोच माणूस परभणी ते नांदेड असा डोळे मिटून निघाला, तर पूर्णा गेलं की यायचंय हे त्याला सांगता येणार नाही. सपाट जमीन काही बोलत नाही.

विमानाने खालच्या जमिनीच्या चढउतारावरून स्वतःची जागा ओळखायची, या पद्धतीला टेरेन-एडेड नॅव्हिगेशन म्हणतात. या लेखात मी तिला ‘टॅन’ म्हणेन. कल्पना जुनी आहे. टरकॉम ही जमिनीचा आलेख जुळवण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पुढे आली आणि पुढे टॉमहॉक क्षेपणास्त्रात वापरली गेली. १९७० च्या दशकात सँडिया प्रयोगशाळेने सिटान नावाची सतत दुरुस्ती करत राहणारी पद्धत मांडली. आज हा विषय नागरी विमानवाल्यांच्याही तोंडी आहे, कारण जीपीएसमध्ये ढवळाढवळ होण्याचे प्रकार वाढले आहेत. आपल्या डीजीसीएनेही (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याबाबत विमान कंपन्यांना सूचना काढल्या.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून हा विषय घेणारी मुलं बरीच भेटतात. बहुतेकांचा निकाल ‘अचूकता ५ मीटर’ असा येतो आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. मुलं लबाडी करत नाहीत, प्रयोगाची मांडणीच तशी होते. म्हणून इथे संगणकावर हा प्रयोग कसा करायचा हे सांगतानाच तो खोटा कसा होतो हेही सांगणार आहे. मराठवाडा यासाठी उत्तम प्रयोगशाळा आहे, कारण इथे अजिंठ्याचा कडा आणि बालाघाटही आहे, आणि गोदावरीकाठची सपाटीही आहे.

उपकरण काय मोजतं

रडार अल्टिमीटर, म्हणजे रेडिओ अल्टिमीटर, विमानाच्या पोटाखालून रेडिओ लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत आलेल्या लहरीवरून जमिनीपासूनची उंची काढतो. त्याला जगभर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. ५जी आल्यावर विमानतळांजवळच्या टॉवरवरून जो वाद झाला, तो याच शेजारामुळे.

बहुतेक उपकरणं सतत लहर सोडतात आणि तिची वारंवारता एका लयीत वरखाली करतात. समजा १० मिलिसेकंदांत वारंवारता १०० मेगाहर्ट्झने वाढली. विमान ३०० मीटरवर असेल तर लहरीला जाऊन यायला २ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात सोडलेली लहर २० किलोहर्ट्झ पुढे गेलेली असते. हा फरक मोजला की उंची हातात आली. उंची दुप्पट झाली की फरक दुप्पट.

नागरी विमानातलं उपकरण साधारण २५०० फुटांपर्यंत, म्हणजे ७६० मीटरपर्यंत मोजतं. ही मर्यादा डोक्यात पक्की ठेवा. पुढे मार्ग ठरवताना ती आडवी येणार आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि प्रोजेक्टमध्ये विसरली जाते. या उपकरणाचा झोत रुंद असतो, मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला २०-२५ अंश. ते झोतातल्या सर्वांत आधी परत आलेल्या लहरीकडे बघतं. म्हणजे ते नेमकी पायाखालची उंची देत नाही, झोतात येणाऱ्या सर्वांत जवळच्या जमिनीचं अंतर देतं. सपाटीवर दोन्ही सारखंच. कड्याजवळ मात्र विमान दरीवर असतं आणि उपकरण बाजूच्या कड्याचं अंतर सांगतं. याचा एक फायदाही आहे. विमान थोडं कललं तरी झोताचा काही भाग सरळ खालीच असतो, त्यामुळे कोसाइनने गुणून दुरुस्ती करायची गरज नसते. अशी दुरुस्ती करणारे नसलेली चूक आत आणतात. कल २०-२५ अंशांच्या पुढे गेला की मात्र ते मोजमाप सरळ टाकून द्या.

आणि उपकरण बिघडतंही. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमजवळ तुर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उतरताना डाव्या रेडिओ अल्टिमीटरने उणे ८ फूट उंची दाखवली, ऑटोथ्रॉटलने विमान जमिनीला टेकतंय असं समजून इंजिनाचा जोर कमी केला, आणि विमान शेतात कोसळलं. तुमच्या फिल्टरला, म्हणजे मोजमापांवरून जागेचा अंदाज काढणाऱ्या प्रोग्रामला, अशा आकड्याचा संशय घेता आला पाहिजे.

मूळ समीकरण एकच आहे

जमिनीची उंची = विमानाची समुद्रसपाटीपासूनची उंची − रडार अल्टिमीटरची उंची.

पहिली संख्या हवेच्या दाबावरून येते. दुसरी उपकरणातून. वजाबाकी करत गेलं की विमानाखालच्या जमिनीचा आलेख तयार होतो. तो नकाशातल्या कुठल्या रेषेवर बसतो हे शोधायचं. विमानात इनर्शियल यंत्रणा असतेच, ती वेग आणि दिशा सांगते, पण तिची चूक साचत जाते. विमानातली चांगली यंत्रणा तासाला साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर सरकते. ड्रोनमधल्या स्वस्त चिपा काही मिनिटांतच कुठल्या कुठे जातात. टॅनचं काम ही साचलेली चूक मधून मधून पुसायचं.

दाबावरून काढलेल्या उंचीत दोन दोष असतात. एक, दिवसाच्या दाबाचा चढउतार. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. फरक तीनेक मिलिबार. आपल्या पठाराच्या उंचीवर एक मिलिबार म्हणजे सुमारे ९ मीटर, तेव्हा न हलता पंचवीसेक मीटरचा फरक पडतो. दुसरा दोष तापमानाचा. अल्टिमीटर प्रमाण वातावरण गृहीत धरतो, ज्यात ६०० मीटरवर ११ अंश असायला हवेत. मे महिन्यात बीडला ते कोण मानेल? हवा ३५ अंश असेल तर उंचीतला फरक सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसतो. २०० मीटरचा चढ १८५ मीटरचा वाटतो. विमान एकाच पातळीवर उडत असेल तर ही चूक जवळपास स्थिर राहते, म्हणून ती पुढे काढून टाकता येते.

पायरी १: नकाशा उतरवा, आणि एक नाही, दोन

पहिला नकाशा एसआरटीएमचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जगाचा बराचसा भाग मोजला, त्यातून हा आला. एक आर्क-सेकंदाची (अंशाचा ३६०० वा भाग) आवृत्ती घ्या. प्रत्येक फाइल एक अंश बाय एक अंशाची, ३६०१ गुणिले ३६०१ आकड्यांची. फाइलीचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून असतं: छत्रपती संभाजीनगर, जालना, पैठण यांच्यासाठी उत्तर १९ पूर्व ७५, कन्नड आणि अजिंठ्यासाठी उत्तर २० पूर्व ७५, बीड आणि मांजरसुंब्यासाठी उत्तर १८ पूर्व ७५, परभणीसाठी उत्तर १९ पूर्व ७६ आणि नांदेडसाठी उत्तर १९ पूर्व ७७.

नाव खालच्या कोपऱ्याचं असलं तरी आतली पहिली ओळ उत्तरेकडची असते. ही गोष्ट विसरून नकाशा उलटा वाचणारे दर वर्षी असतात. तपासायला सोपं आहे: उत्तर २० पूर्व ७५ ची फाइल रंगवून बघा. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उत्तरेकडचा, खानदेशच्या बाजूचा उतार उभा कापलेला दिसला पाहिजे आणि दक्षिणेकडचा हळूहळू उतरणारा. उलट दिसलं तर ओळी फिरवा. आकडे दोन बाइटचे असतात आणि वजनदार बाइट आधी येतो. उणे ३२७६८ म्हणजे त्या जागी माहितीच नाही, ती उंची म्हणून वापरू नका.

दुसरा नकाशा कोपर्निकसचा ३० मीटरवाला. हा टॅनडेम-एक्स या जर्मन उपग्रहजोडीच्या मोजणीतून आलेला, म्हणजे वेगळ्या काळातला आणि वेगळ्या रडारचा. इस्रोच्या एनआरएससी केंद्राच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरचा कार्टोडीईएम हा नकाशाही चालेल. दोन नकाशे का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

उंची कुठल्या पातळीपासून मोजली आहे ते मात्र बघा. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या प्रारूपापासून असते, कच्च्या जीपीएसची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. भारताच्या दक्षिणेला समुद्रपातळीचा जगातला सर्वांत खोल खळगा आहे, त्यामुळे आपल्याकडे हा फरक मोठा, साठ-सत्तर मीटरच्या घरातला आणि उणे असतो. दोन्ही उंच्या एकाच पातळीवर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग अक्षांश-रेखांशावरून मीटरमध्ये या. साडेएकोणीस अंशांवर एक आर्क-सेकंद उत्तर-दक्षिण ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९.२ मीटर. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत. तिचा ४३ वा पट्टा ७८ अंश पूर्वेपर्यंत चालतो. नांदेड शहर त्यात येतं, किनवट मात्र ४४ मध्ये जातं. मार्ग तिकडे नेणार असाल तर आधीच एक पट्टा पक्का करा.

पायरी २: तीन मार्ग आखा

एका मार्गावरचा निकाल काहीच सांगत नाही. मी तीन सुचवतो.

पहिला, छत्रपती संभाजीनगरहून कन्नडवरून चाळीसगावकडे. हा अजिंठ्याची रांग आडवी ओलांडतो. इथे उंची ठरवताना उपकरणाची मर्यादा आडवी येते. समजा तुम्ही समुद्रसपाटीपासून ११०० मीटरवर उडताय. पठारावर जमीन चार-पाचशे मीटर खाली आहे, मोजमाप छान. कडा ओलांडला की जमीन एकदम खाली जाते. चाळीसगाव साधारण ३५० मीटरवर आहे, म्हणजे जमिनीपासून ७५० मीटर, मर्यादेला टेकलेलं. ११५० वर उडालात तर मोजमाप तुटणार, तेही नेमकं सर्वांत मोलाचा उतार संपत असताना. मार्गावरचं सर्वांत उंच टोक आणि सर्वांत खोल जागा आधी नकाशातून काढा आणि दोन्हींच्या मध्ये बसणारी पातळी घ्या.

दुसरा, बीडहून मांजरसुंब्यावरून अंबाजोगाईकडे, बालाघाट चढून पठारावरून.

तिसरा, पैठणहून गोदावरीच्या काठाने नांदेडकडे. हा फसण्यासाठीच आहे, आणि तोच सर्वांत जास्त शिकवतो. याला वगळू नका.

हवं तर चौथा छोटा मार्ग देवगिरी किल्ल्याजवळून घ्या. मोकळ्या जागेत उभा असलेला जवळजवळ गोल डोंगर एक मजा करतो. त्याच्या डावीकडून २०० मीटरवरून गेलात काय आणि उजवीकडून गेलात काय, आलेख जवळपास सारखाच. जुळवणीत दोन उत्तरं येतात, दोन्ही तितकीच ठाम.

पायरी ३: ‘खरी’ जमीन आणि विमानातला नकाशा वेगळे ठेवा

खोट्या निकालांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थांबतो.

मुलं काय करतात? एसआरटीएमवरून विमान उडवतात, त्याच एसआरटीएममधून रडारचं मोजमाप तयार करतात, थोडा गोंगाट, म्हणजे मोजणीतली इकडेतिकडे होणारी चूक, मिसळतात आणि पुन्हा त्याच एसआरटीएममध्ये जुळणी शोधतात. जुळणी झकास येते. पैठण-नांदेड मार्गावरसुद्धा!

सपाटीवर झकास जुळणी येते हाच पुरावा आहे की काहीतरी चुकतंय. एसआरटीएमच्या प्रत्येक चौकोनात मोजणीचा स्वतःचा काही मीटरचा गोंगाट आहे. ३० मीटरवर दोन मीटरचा गोंगाट म्हणजे सात टक्के उतार. गोदाकाठच्या शेतात असा उतार कुठेही नाही. तो रडारच्या मोजणीतला खरखरीतपणा आहे. पण खरी जमीन आणि नकाशा एकच फाइल असेल, तर हा खरखरीतपणा दोन्हीकडे अगदी सारखा असतो, आणि फिल्टर त्याच्यावरच बोट ठेवतो. खऱ्या विमानाला हा आधार कधीच मिळणार नाही.

म्हणून खरी जमीन कोपर्निकसची धरा, विमानातला नकाशा एसआरटीएमचा. म्हणजे दोन्हींतला गोंगाट वेगळा, मोजणीचा काळही वेगळा. फेब्रुवारी २००० नंतर इथे बरंच बदललं आहे: समृद्धी महामार्गाचे भराव आले, बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्कीवरून जाताना अल्टिमीटर मधूनच भलता आकडा देऊ शकतो. आणि ऊस आहेच. उभा ऊस तीन मीटरच्या आसपास जातो, तोडणी झाली की तेच शेत तीन मीटर खाली. कोणता नकाशा कोणत्या महिन्यात मोजला गेला यावर तेवढा फरक पडतो.

नाथसागराचं पाणी वेगळंच प्रकरण आहे. नकाशात जलाशय एका पातळीवर सपाट करून टाकलेला असतो. खरी पातळी पावसाळ्यानंतर पूर्ण भरलं तर १५२२ फूट, आणि उन्हाळ्यात कित्येक मीटर खाली. पाण्यावर रडारचा परतावा अगदी स्वच्छ येतो, मोजमाप सुंदर दिसतं आणि जागेबद्दल काहीही सांगत नाही, वर पातळीच्या फरकाने फिल्टरला ढकलतं. सर्व मोठे जलाशय मुखवट्यात, म्हणजे वगळायच्या भागांत, घाला आणि तिथली मोजमापं वापरू नका.

पायरी ४: मोजमाप बनवा

वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी २५० किलोमीटर घ्या. दर ६० मीटरला एक मोजमाप पुरे. नकाशाच ३० मीटरचा असताना दर ७ मीटरला मोजून नवीन काही मिळत नाही, तेच तेच आकडे मोजले जातात आणि फिल्टर उगीच आत्मविश्वासात येतो.

प्रत्येक जागी पायाखालची उंची न घेता झोतातल्या सर्व चौकोनांची तिरकी अंतरं काढा. ४०० मीटर उंचीवर २५ अंशांचा झोत म्हणजे सुमारे १८५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, त्रिज्येत सहा चौकोन. सर्वांत लहान अंतर सरळ घ्यायचं नाही, कारण एखादा गोंगाटी चौकोन सगळं खाऊन टाकतो. सर्वांत लहान पाच टक्क्यांच्या सीमेवरचा आकडा घ्या. त्यात उंचीच्या दोनेक टक्क्यांचा गोंगाट मिसळा, शंभरात दोन-तीन आकडे मुद्दाम पूर्णपणे चुकीचे टाका, ७६० मीटरच्या वरचे गाळा.

दाबावरच्या उंचीत ३० मीटरची स्थिर चूक आणि तिच्यावर हळू सरकणारी छोटी चूक घाला. इनर्शियलला सुरुवातीची एक किलोमीटरची चूक आणि वेगात सेकंदाला एक मीटरची चूक द्या.

पायरी ५: आधी सरळ जुळवणी

लगेच पार्टिकल फिल्टरवर उडी मारू नका. आधी जुन्या पद्धतीने एकदा करून बघा. १० किलोमीटरचा आलेख घ्या, म्हणजे साधारण १६७ मोजमापं, उडायला दोन मिनिटं वीस सेकंद. इनर्शियलने सांगितलेल्या मार्गाला पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण तीन तीन किलोमीटर सरकवून बघा, ३० मीटरच्या पायरीने. २०१ गुणिले २०१, म्हणजे ४०,४०१ जागा. प्रत्येक जागी नकाशातला आलेख काढा, दोन्ही आलेखांतून आपापली सरासरी वजा करा (यात दाबाची स्थिर चूक निघून जाते) आणि उरलेल्या फरकांच्या निरपेक्ष मूल्यांची सरासरी घ्या. सुमारे ६७ लाख वजाबाक्या होतात, साध्या लॅपटॉपवर पायथनच्या नमपाय या गणिती साधनाने हे पटकन होतं.

आता त्या ४०,४०१ आकड्यांचं चित्र काढा. आकडा जितका लहान तितकी जुळणी चांगली, म्हणून चांगली जुळणी खड्ड्यासारखी दिसते. या अभ्यासात एवढं शिकवणारं दुसरं काही नाही. कन्नडच्या मार्गावर एक खोल, आडवा पसरलेला खड्डा दिसेल, कारण रांग पूर्व-पश्चिम आहे आणि विमान तिला आडवं कापतंय. उत्तर-दक्षिण जागा चोख कळते, पूर्व-पश्चिम ढिली. देवगिरीजवळ दोन खड्डे. गोदाकाठी उथळ खळगे इतके की नेमका कुठला धरावा कळत नाही, आणि सर्वांत खोल असलेला बहुतेक वेळा चुकीचा.

वेगातल्या चुकीचाही हिशोब घ्या. सेकंदाला एक मीटर म्हणजे आलेखाच्या शेवटापर्यंत १४० मीटरचा ताण. आलेख जितका लांब तितकी ओळख पक्की, पण ताणही जास्त. पाच ते दहा किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी जमतं.

पायरी ६: उड्डाणाआधीच अचूकता काढा

जमीन किती बोलेल हे कागदावरच काढता येतं. एका मोजमापातून मिळणारी जागेची अचूकता म्हणजे उंचीतला एकूण गोंगाट भागिले जमिनीचा उतार. स्वतंत्र मोजमापं जितकी, त्याच्या वर्गमुळाने पुन्हा भागा.

नकाशाचा गोंगाट ५ मीटर, अल्टिमीटरचा ६, दोन्ही मिळून ८ धरा. दहा किलोमीटरमध्ये १६७ मोजमापं असली तरी शेजारच्या उंच्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. जमिनीचा आकार साधारण ४०० मीटरनंतर बदलतो असं धरलं तर खरी स्वतंत्र २५. घाटमाथ्यावर उतार १० टक्के: ८ भागिले ०.१ म्हणजे ८०, भागिले ५, म्हणजे १६ मीटर. गोदाकाठी उतार अर्धा टक्का: ८ भागिले ०.००५ म्हणजे १६००, भागिले ५, म्हणजे ३२० मीटर. तेही खळगा बरोबर निवडला तर.

उतार काढताना शेजारच्या चौकोनांतला फरक घेऊ नका, नाहीतर तिसऱ्या पायरीतला खरखरीतपणा उतार म्हणून आत येतो. ३०० मीटरच्या अंतरावरचा फरक घ्या. आणि उतार एक आकडा म्हणून ठेवू नका. पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा वेगळा काढा, दोघांचा दोन बाय दोनचा तक्ता बनवा. त्यातून निघणारा लंबगोल सांगतो की कोणत्या दिशेला जागा कळेल आणि कोणत्या दिशेला नाही. पायरी पाचमधल्या खड्ड्याच्या आकाराशी तो जुळला तर तुमचं गणित बरोबर चाललंय.

पायरी ७: पार्टिकल फिल्टर

तीन हजार कण, म्हणजे विमानाच्या जागेचे तीन हजार अंदाज, घ्या. प्रत्येक कणात तीन गोष्टी: पूर्वेकडची चूक, उत्तरेकडची चूक, दाबाच्या उंचीची चूक. तिसरी आत घेतल्यामुळे सरासरी वजा करायची गरज राहत नाही. सुरुवातीला कण एक-दीड किलोमीटरवर पसरा. प्रत्येक पावलाला इनर्शियलप्रमाणे हलवा, थोडं विस्कटा. मग प्रत्येक कणाच्या जागी नकाशावरून झोताची उंची काढा, मोजमापाशी ताडा आणि फरकाप्रमाणे वजन द्या.

वजनासाठी नेहमीचा घंटेच्या आकाराचा वक्र वापरला तर एकाच भलत्या आकड्याने सगळे चांगले कण मरतात. शेपटी जाड असलेला वक्र घ्या, स्टुडंट-टीचा चालतो. वजनांच्या वर्गांची बेरीज करून तिचा व्यस्त घ्या, ही जिवंत कणांची संख्या. ती निम्म्याखाली आली की कण पुन्हा निवडा. दर पावलाला निवडत बसू नका, देवगिरीचे दोन खड्डे तुमच्या नकळत एक होतील, आणि तो बरोबरचाच असेल याची हमी नाही.

शेजारची मोजमापं बांधलेली असतात हा हिशोब इथेही लावायचा. ६० मीटरवरची सलग मोजमापं स्वतंत्र समजून वापरली तर फिल्टर फार लवकर ठाम होतो. एक उपाय म्हणजे गोंगाट मुद्दाम मोठा धरणं. ८ च्या जागी १५ लावून बघा. कुरूप उपाय आहे, पण चालतो.

पायरी ८: फिल्टरला ‘माहीत नाही’ म्हणायला लावा

दुरुस्ती इनर्शियलला देण्याआधी तीन चाचण्या. उरलेला फरक अपेक्षित गोंगाटाइतकाच आहे का? दुसऱ्या क्रमांकाचा खड्डा पहिल्यापेक्षा ठळक उथळ आहे का? आणि एकामागून एक घेतलेल्या तीन जागा इनर्शियलच्या वेगाशी जुळतात का? एक जरी नापास झाली तर दुरुस्ती देऊ नका आणि अनिश्चिततेचा घेरा वाढू द्या. पैठण-नांदेड मार्गावर घेरा वाढतच गेला तर तो बरोबर निकाल आहे. परीक्षकांना तो दाखवायला लाज वाटायचं काही कारण नाही.

सर्वांत शेवटची कसोटी: प्रत्येक मार्गावर वेगवेगळ्या गोंगाटाने शंभर उड्डाणं चालवा. फिल्टर ज्याला ९५ टक्क्यांचा घेरा म्हणतो, त्यात खरी जागा किती वेळा सापडली ते मोजा. पंचाण्णवच्या आसपास आली तर ठीक. साठ-सत्तर आली तर फिल्टर फुशारक्या मारतोय, गोंगाट वाढवा. सरासरी चूक किती मीटर हा आकडा त्यानंतर लिहायचा, आधी नाही.

खरी आकडेवारी हवी असेल तर

रडार अल्टिमीटर महाग असतो आणि तो लावायला विमान लागतं. ड्रोनवर लेसरने उंची मोजता येते, पण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हरित क्षेत्रातही, म्हणजे जिथे परवानगी लागत नाही तिथेही, १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तर ६० मीटरच. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा.

यापेक्षा सोपा मार्ग रस्त्याचा. गाडी जमिनीवरच असते, तेव्हा रडारची उंची शून्य, आणि समीकरणात फोनचा दाबमापक एकटाच जमिनीची उंची देतो. बीड-मांजरसुंबा रस्त्यावर किंवा कन्नडच्या घाटात फोनवर सेकंदाला एक दाब नोंदवत जा, सोबत जीपीएसही नोंदवा, पण ते फक्त शेवटी ताडायला. वेग गाडीच्या मीटरवरून किंवा फोनच्या त्वरणमापकावरून घ्या. जागा रस्त्याच्या रेषेवरच असल्याने शोध एकाच दिशेचा होतो, म्हणून पार्टिकल फिल्टर शिकायला हे उत्तम. घाटात कापलेल्या रस्त्याची उंची ३० मीटरच्या चौकोनात नीट बसत नाही, तेव्हा तिथे नकाशाचा गोंगाट वाढवून धरा.

फोन डॅशबोर्डवर एसीच्या झोतासमोर ठेवू नका. खिडकीची काच खाली-वर केली किंवा शेजारून ट्रक गेला तरी दाब क्षणभर हलतो, तेव्हा काचा एकाच स्थितीत ठेवा आणि नोंदींवर पाच सेकंदांचा मध्यक लावा. उन्हाळ्यात करणार असाल तर तापमानाची ८ टक्क्यांची दुरुस्ती आधी करा, नाहीतर घाट नकाशातल्यापेक्षा बुटका निघेल आणि तुम्ही फिल्टरमध्ये चूक शोधत बसाल. मग हाच फिल्टर, जसाच्या तसा, मनमाड-नांदेड मार्गावरच्या रेल्वेत जालन्याच्या पुढे चालवून बघा आणि घेरा कुठल्या स्टेशनापासून वाढायला लागतो ते टिपा.